वाचनकट्टा सुरू करताना: अर्ज, बावन्न दिवस आणि पहिले चारजण

मागच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्याची सातवी बैठक झाली. त्यानंतर ओळखीच्या दोघीजणींनी विचारलं की आमच्याकडे पण असं करायचंय पण सुरुवात कुठून करायची, परवानगी कोणाची घ्यायची, माणसं आलीच नाहीत तर काय करायचं. दोघींना फोनवर अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं. मी पतपेढीत नोकरी करते, रायगड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, आणि गेल्या जूनपर्यंत चार माणसांसमोर उभं राहून कधी बोललेली नव्हते, हे आधी सांगते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला धीर येईल.

मे २०२४. रात्री साडेबारा वाजता विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचून संपलं आणि मी अंथरुणात उठून बसले. पुस्तकाचं नाव शाळेत ऐकलं होतं पण वाचलं कधी नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या वरसईचा हा माणूस, घरात कर्ज, तर बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत तिथं दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर पायी उत्तरेत जायला निघतो आणि थेट १८५७ च्या बंडात जाऊन पोचतो. झाशी पडली तेव्हा तो तिथंच होता. पुढे वाटेत एका विहिरीपाशी त्याला राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. तो तिच्यासाठी पाणी काढायला जातो तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, मीच काढते, आणि स्वतः मडकं विहिरीत सोडते. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. सगळं राज्य गेलंय, मागे इंग्रजांची फौज आहे, आणि ही बाई स्वतःच्या हाताने पाणी काढून ओंजळीने पितेय.

आता हे सांगायचं कोणाला? हे झोपले होते. सकाळी मुलीला फोन केला, ती पुण्याला असते, ती म्हणाली आई मीटिंग चालू आहे, रात्री बोलू. रात्री तिला झोप आलेली. तिचा काही दोष नाही, पण दोन दिवस मी ते पोटात घेऊनच फिरले. पुस्तक परत करायला वाचनालयात गेले तेव्हा देवघेवीच्या टेबलावर मॅडमनी मागचं पान उघडलं, तिथं ती तारखांची पट्टी चिकटवलेली असते ना, त्यावर माझ्या तारखेच्या वरचा शिक्का होता १४ फेब्रुवारी २०११ चा. म्हणजे माझ्या आधी तेरा वर्षं हे पुस्तक कोणी घरी नेलंच नव्हतं. आणि त्याच्या वर १९९० च्या सुमाराचे सात-आठ शिक्के, जांभळ्या शाईचे, एकाखाली एक. मी ग्रंथपाल मॅडमना म्हटलं, हे सगळे वाचणारे गेले कुठे? त्या म्हणाल्या, आहेत की, रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

तिथंच मी विचारलं की महिन्यातून एकदा आपण सध्या काय वाचतोय एवढंच सांगायला माणसं इथं जमली तर चालेल का. त्या लगेच म्हणाल्या मला आवडेल, पण माझ्या हातात नाही, कार्यकारी मंडळाला अर्ज द्या.

अर्जाचं जरा सविस्तर सांगते कारण इथंच बहुतेकजण कंटाळून सोडून देतात. सार्वजनिक वाचनालयं ही १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालची शासनमान्य संस्था असतात, अ ब क ड असा वर्ग असतो, सरकारी अनुदान असतं, तपासणी असते, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते आणि त्यात चूक काही नाही. मी ११ जूनला अर्ज दिला, एकच पान. प्रति मा. अध्यक्ष, विषय, मग मजकूर. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की चार गोष्टी स्पष्ट लिहा: जबाबदार व्यक्ती कोण (ती सभासद हवी), साधारण किती माणसं, किती वेळ, आणि खाणंपिणं नाही, राजकीय किंवा धार्मिक प्रचार नाही. मी त्याच क्रमाने लिहिलं. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि सही. मला ती पोच पुढे उपयोगी पडली.

कारण ३० जूनची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. त्या दिवशी पाऊस इतका होता की मंडळी घराबाहेरच पडली नाहीत. मग पुढची सभा २८ जुलैला, आणि तोपर्यंत माझा अर्ज फाईलमधून हरवला होता. मी पोच दाखवली, झेरॉक्स दिली, विषय पत्रिकेवर आला. खरं सांगते, जुलैच्या मध्याला मी सोडूनच द्यायच्या विचारात होते, पतपेढीत तिमाहीचं काम, घरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि वाटायला लागलं की कोणी मागितलंय हे. मग परत तो विहिरीचा प्रसंग आठवायचा आणि वाटायचं की नाही, हे कोणाला तरी सांगायचंच आहे.

२ ऑगस्टला पत्र हातात आलं, जावक क्रमांकासहित. अर्ज दिल्यापासून बावन्न दिवस. अटी अशा: दर महिन्याचा चौथा रविवार, सकाळी ११ ते १, वर्तमानपत्र विभागामागची खोली, परत मिळणारी अनामत ५०० रुपये आणि दर बैठकीला वीज-सफाईचे १५० रुपये, पावती घ्यायची. खुर्च्या त्यांच्याच. चहा बाहेर टपरीवर. मला हे सगळं रास्त वाटलं. सोसायटीचा हॉल विचारून बघितला होता, तिथं तीन तासांचे बाराशे सांगितले होते.

यानंतर मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी व्हॉट्सॲपवर छान मेसेज बनवला, फुलाचं चित्र वगैरे टाकून, आणि सगळ्या ग्रुपवर पाठवला, 'आपलं आवडतं पुस्तक घेऊन या'. दोन दिवसांत एकतीसजण ग्रुपमध्ये आले. मी एकतीस खुर्च्यांचा हिशोब करत होते. २५ ऑगस्टला आले चारजण, त्यात मी एक आणि ग्रंथपाल मॅडम एक. उरलेले दोघे म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आणि ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर, त्या रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. गणपती बारा-तेरा दिवसांवर, आमच्याकडे त्या दिवसांत कोणाला वेळ नसतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. कोकणात असाल तर गणपतीच्या आधीचा आणि शिमग्याचा महिना नव्या कामाला धरू नका.

पण ती पहिली बैठक मी विसरणार नाही. सुरुवात मीच करायची होती. घरी आरशासमोर तीन वेळा बोलून बघितलं होतं, तिथं दहा मिनिटं व्हायची, इथं तीन मिनिटांत संपलं, घसा कोरडा पडला, हातातलं पुस्तक थरथरत होतं. मग मी बोलायचं सोडून दिलं आणि तो विहिरीचा उतारा सरळ वाचून दाखवला. वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. मग कंडक्टर काकांनी विचारलं, "मग तो पोचला का घरी?" म्हटलं पोचला, वाटेत किती वेळा लुटला गेला, पण आई-वडिलांना अंघोळ घालायला गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन पोचला. काका म्हणाले, "चालत? वरसईपर्यंत?" आणि पुढची वीस मिनिटं ते स्वतःच बोलत राहिले, कुठून कुठे किती किलोमीटर, कुठे घाट, खांद्यावर वजन असलं तर दिवसाला किती चालणं होईल. मी ते पुस्तक पूर्ण वाचलं होतं पण ते अंतर असं मोजून मला कधी जाणवलंच नव्हतं. त्या दिवशी पुस्तक काका घेऊन गेले.

माणसं कमी का आली याचा मी पुढचे पंधरा दिवस विचार केला आणि मग एकेकाला फोन केले. दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ग्रुपवरचा मेसेज कोणालाच आपल्यासाठी वाटत नाही, नाव घेऊन बोलावलं की माणूस येतो. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, 'आवडतं पुस्तक' म्हटल्यावर लोक घाबरले होते. एक काकू म्हणाल्या अगं मी आपली मासिकं वाचते, तिथं मोठी मोठी पुस्तकं वाचणारे येणार, मी काय बोलू. म्हणून सप्टेंबरपासून आम्ही शब्दच बदलला: सध्या जे हातात आहे ते. अर्धं वाचलेलं चालेल, आवडलं नाही म्हणून सोडलेलं तर जरूर चालेल, का सोडलं ते सांगा. प्रत्येकाला सात मिनिटं, आणि त्यात एक उतारा वाचायचाच. हा उताऱ्याचा नियम फार कामाचा आहे, ज्याला बोलता येत नाही त्याला वाचता येतं.

२२ सप्टेंबरला नऊजण होते. त्या दिवशी सिस्टरनी 'स्मृतिचित्रे' आणलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांबद्दल शाळेच्या धड्यापुरतंच बहुतेकांना माहीत होतं. सिस्टर म्हणाल्या मी रात्रपाळीत दोन-दोन पानं वाचते, मध्ये उठावं लागतं, पण या बाईचं असं आहे की कुठूनही उघडा, समोर बसून बोलत असल्यासारखं वाटतं. त्यांनी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग वाचला. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायचा त्यांचा हट्ट आणि त्यात घरातल्या बायकांचे होणारे हाल. आम्ही आधी हसलो आणि मग हळूहळू हसू थांबलं, कारण प्रत्येकीला घरातलं कोणीतरी आठवलं. त्या मासिकवाल्या काकू, ज्या मी काय बोलू म्हणत होत्या, त्या आपल्या आत्याबद्दल इतकं सुंदर बोलल्या की त्यांची सात मिनिटं कोणी मोजली नाहीत.

मोजायची गरज पडते मात्र. त्याच बैठकीत एक गृहस्थ आले होते, अभ्यासू, वाचन दांडगं, पण ते अडतीस मिनिटं बोलले आणि दोघांचा नंबरच आला नाही. मला रात्री झोप लागेना, वयाने मोठ्या माणसाला थांबवायचं कसं. शेवटी मॅडमनी मार्ग काढला, मोबाईलचा टायमर टेबलावर मधोमध ठेवायचा आणि तो वाजला की बोलणाऱ्यानेच बंद करायचा. सगळ्यांना एकच नियम असल्यामुळे कोणाला लागलं नाही. ते गृहस्थ अजून येतात आणि आता तर उतारा इतका नेमका निवडून आणतात की त्यांच्या उताऱ्याची आम्ही वाट बघतो.

ऑक्टोबर सगळा वेगळाच गेला. ३ तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली, ग्रुपवर दिवसभर शुभेच्छा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, डॉ. कलामांचा जन्मदिवस, त्या दिवशी वाचनालयांना कार्यक्रम करून त्याचा अहवाल फोटोंसकट ठेवावा लागतो, तर मंडळाने आपणहून विचारलं की तुमच्या कट्ट्यातले तीन-चारजण शाळेच्या मुलांसमोर बोलतील का. हे मुद्दाम सांगते, कारण वाचनालयाला पण आपली गरज असते. त्यांच्या अहवालाला आपला उपयोग झाला की आपल्या खोलीचा प्रश्न सुटतो. त्या दिवशी सहावीतल्या एका मुलाने हात वर करून सांगितलं की मी फास्टर फेणे वाचतोय आणि त्याचं फुरसुंगी गाव खरंच आहे, माझी मावशी तिथं राहते. तो आता दर महिन्याला वडिलांना घेऊन येतो.

२७ ऑक्टोबरची बैठक दिवाळीमुळे घेतलीच नाही, त्याऐवजी दिवाळी अंकांची भिशी केली. नऊजणांनी तीनशे-तीनशे काढले, सत्तावीसशे झाले, दुकानदाराने दहा टक्के सोडले आणि आठ अंक आले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा, आणि एकट्याने आठ अंक घ्यायचे म्हणजे आता परवडत नाही. दहा दिवसांनी अंक पुढच्याकडे द्यायचा, असं जानेवारीअखेरपर्यंत फिरलं. अंकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने 'पान ११४ चुकवू नका' असं काही लिहायची पद्धत आपोआप पडली. मला तर अंकापेक्षा त्या पेन्सिलीच्या ओळींचीच जास्त ओढ लागली होती, कोणाला कुठलं पान थांबवतं ते कळायचं.

नोव्हेंबरला विधानसभेची निवडणूक, आमच्यातले दोघे शिक्षक ड्युटीवर, मतमोजणी शनिवारी २३ ला आणि आमची बैठक रविवारी २४ ला. सहाजण आले आणि अर्जात लिहिलेली राजकारणाची अट त्या दिवशी फार कामाला आली. त्या बैठकीत कंडक्टर काकांनी व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' सांगितलं. काका आधी कमी बोलायचे. ते म्हणाले, मास्तर ज्या वाडीत जातो ना, तशा वाड्यांवर मी मुक्कामाची गाडी घेऊन गेलोय, रात्री देवळात झोपायचो, सकाळी साडेपाचला गाडी काढायची. लोक पाणी आणून द्यायचे, भाकरी आणून द्यायचे, आणि दुष्काळाच्या साली एकेक घराला कुलूप लागायचं. कादंबरीच्या शेवटी वाडी ओस पडते तो भाग त्यांनी वाचला आणि दोन ओळी राहिल्या असताना पुस्तक माझ्याकडे दिलं, म्हणाले ताई तुम्ही वाचा. पुस्तक १९५५ चं आहे. मी ते कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेपुरतं. काकांच्या बोटाने धरलेल्या त्या पानावर मी ते पहिल्यांदा वाचलं असं म्हणायला हरकत नाही.

डिसेंबरमध्ये एक वाईट झालं. माझ्या वडिलांची सही असलेलं एक जुनं पुस्तक मी कोणाला तरी दिलं होतं, ते परत आलं तेव्हा ओलं होऊन पानं चिकटलेली होती. ज्यांच्याकडून झालं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, भरून द्यायला तयार होते, पण ती सही कशी भरून येणार. मी दोन दिवस रडले. त्यानंतर आम्ही देवघेवीची वही केली: तारीख, पुस्तक, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, परत कधी. आणि ठरवलं की जे गेलं तर जीव जाईल असं पुस्तक कट्ट्यावर दाखवायचं, वाचून दाखवायचं, पण द्यायचं नाही. वाचनालयाचं असेल तर प्रत्येकाने आपापल्या कार्डावरच घ्यायचं, परस्पर हातोहात नाही, नाहीतर दंड आणि भानगड दुसऱ्याच्या नावावर. वही पहिल्या दिवसापासून ठेवा. चाळीस रुपयांची येते.

जानेवारीचा चौथा रविवार २६ तारखेला येत होता, झेंडावंदन, म्हणून १९ ला घेतली, त्याचं वेगळं पत्र द्यावं लागलं, दोन ओळींचं, आठ दिवस आधी. आता तेरा-चौदाजण नेहमीचे आहेत. खर्चाचं म्हणाल तर सात बैठकांचे १०५० रुपये झाले. डिसेंबरपासून टेबलावर डबा ठेवतो, ज्याला जमेल त्याने वीस रुपये टाकायचे, त्याच्या आधीचे मी भरले, ते मला बाकीच्यांनी हट्टाने परत केले.

आणि 'माझा प्रवास'चं पुढे काय झालं ते राहिलंच. कंडक्टर काकांनंतर ते सिस्टरनी नेलं, मग एका शिक्षकांनी. शिक्षकांनी फेब्रुवारीत सांगितलं की आपण वाचतोय ती चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेली आवृत्ती आहे, इंग्रजांचं राज्य असताना छापायची म्हणून त्यांनी त्यात बरेच फेरफार केले होते, आणि गोडसे भटजींच्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी नंतर १९६६ मध्ये संपादन केलं. ऐकल्यावर सगळेच अस्वस्थ. म्हणजे तो विहिरीचा प्रसंग मुळात कसा लिहिलाय? राणीचे शब्द तेच आहेत का? दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघायच्या असं ठरलं. महिनाभर शोधाशोध झाली, मी जुन्या पुस्तकवाल्यांना फोन केले, शिक्षकांनी त्यांच्या प्राध्यापकांना विचारलं, शेवटी त्या प्राध्यापकांच्याच घरी पोतदारांची प्रत निघाली. त्यांनी एप्रिलअखेरपर्यंत वाचायला दिलीय, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

परवाच्या बैठकीत ती वहीत चढवली. पहिला नंबर काकांचा, त्यांना ते अंतर परत मोजायचंय. दुसरा सिस्टरचा. माझा तिसरा, १२ एप्रिलला.